ईराण्णा आणि मंगळवारची शेपूट

ईराण्णा मगदूम माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या शेजारची वस्तू वाजवून बघायचे. टेबल असलं तर टेबल, पाण्याची टाकी असली तर टाकी, काहीच नसलं तर भिंत. मधलं बोट वाकवून दोन ठोके, मान जराशी कलती, डोळे मिटलेले. आवाज मनासारखा आला की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "हां, बोला पावणं."

त्यांचं कामच ते होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तिथे ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड, एक लांब टेबल, एक भिंग, एक छोटी हातोडी आणि स्वतः ईराण्णा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावरून जायचा. चांगला नग घंटेसारखा वाजतो. आतून पोकळ असला, कुठं तडा असला, तर बद्द वाजतो. बद्द वाजलेल्या नगावर ते रागवत मात्र नसत. त्याला जवळ घेऊन, भिंग लावून, अगदी मायेने विचारायचे, "काय पावणं? कुठनं बिघडलासा?"

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. ईराण्णा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. बुटके, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग, आणि त्यावरून खाकी शर्ट. शर्टाच्या खिशात खडू. गाव शिरोळकडचं, कृष्णाकाठचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला तर दोन्ही एकदम. मी चोवीस वर्षांची होते, तरी मला पहिल्या दिवसापासून "अक्का" म्हणायला लागले. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्या मुलीच्या वयाची." तर म्हणाले, "मग काय झालं? आमच्याकडं पोरीला बी अक्काच म्हणत्यात."

त्यांची वाजवून बघायची खोड कुठेही सुटत नसे. माझ्या लग्नात आईच्या मावसभावानं आहेरात तांब्याची घागर दिली. मामा अजून मांडवातच उभे होते. ईराण्णांनी अक्षता टाकल्या, घागरीपाशी आले, टक्-टक् केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हिचा आवाज फुटका हाय. बुडाला जोड हाय बघा." मामांचा चेहरा घागरीपेक्षा लाल झाला. घागर खरंच गळकी निघाली, पण त्या मामांकडचं आमचं येणं-जाणं पुढे चार वर्षं बंद होतं. ईराण्णांना हे सांगितलं तर ते मनापासून चकित झाले. "अवो, मी घागरीला बोललो. मामास्नी कुठं बोललो?"

माणसाला न बोलता वस्तूला बोलायचं, हा त्यांचा खरा धर्म होता. एखादा नग खराब निघाला की सुपरवायझर आधी विचारायचा, "साचा कुणी भरला होता?" ईराण्णा म्हणायचे, "माणूस पळून जात न्हाय. आधी वस्तू बघा." दुसरं एक वाक्य होतं, ते मी आजही वापरते. "डाग बघू नका, डागाची येळ बघा." म्हणजे काय, ते मला कळलं एका माशामुळे.

आमचे मालक, ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत, त्यांच्या केबिनमध्ये कुणा वास्तूवाल्याच्या सल्ल्यावरून एक काचेची टाकी आली. ईशान्य कोपऱ्यात स्टुलावर टाकी, आणि टाकीत एकच मासा. निळा, मध्येच तांबूस झाक मारणारा, आणि शेपूट अशी की पैठणीचा पदर पाण्यात सोडलाय. फायटर म्हणतात त्याला. दोन ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून एकटाच ठेवायचा. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं होतं सरदार.

सरदारची देखभाल हौसाबाईंकडे होती. हौसाबाई ऑफिसची झाडलोट आणि चहापाणी करायच्या. नवरा नव्हता, मुलगी नर्सिंगला होती आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं त्या 'मी आलो, मी गेलतो' असं बोलायच्या, आणि माशाशीही तसंच. "सरदारा, मी पाणी बदलतो हां, हलू नकोस."

दोन महिने बरे गेले. मग एका मंगळवारी सकाळी साहेबांनी पाहिलं, तर सरदारच्या शेपटीला भोक. चार दिवसांनी ते भरायला लागलं, आणि पुढच्या मंगळवारी दुसरीकडून तुकडा गायब. शाहूपुरीतल्या मासेवाल्यानं ऐकूनच सांगितलं, "शेपूट सडायचा रोग." निळं औषध दिलं. पाणी निळं झालं, मासा निळ्यात दिसेनासा झाला, हौसाबाईंच्या हाताची बोटं आठवडाभर निळी राहिली, आणि शेपूट पुन्हा फाटलीच. साहेबांचा पारा चढला. "हौसाबाई, तू जाळीनं ओढतेस त्याला. दुसरं काय कारण असणार?"

"न्हाई वो साहेब. मी जाळी लावतच न्हाई. वाटीनं काढतो, वाटीनं सोडतो."

"मग शेपूट काय हवेनं फाटली?"

हौसाबाई बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि कपबश्या उगीचच पुसत बसल्या.

ईराण्णा त्या वेळी रिपोर्ट टाइप करून घ्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, सरळ केबिनचं दार ढकललं आणि विचारलं, "साहेब, ह्या माशाची तपासणी कुणी केली?"

साहेब हसले. "ईराण्णा, तो मासा आहे. कास्टिंग नाही."

"डाग हाय न्हवं? मग तपासणी लागंल की."

आणि त्यांनी टाकी वाजवली. सरदार दचकून कोपऱ्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ईराण्णांच्या ठोक्याला असं उत्तर दिलं असावं, कारण त्यांनी ताबडतोब हात मागे घेतला आणि हळूच म्हणाले, "चुकलं पावणं." त्यानंतर त्यांनी ती टाकी कधी वाजवली नाही.

खिशातून भिंग काढून ते अर्धा तास टाकीसमोर वाकून उभे होते. मग मला म्हणाले, "अक्का, सडलेलं असतं तर कड पांढरी नायतर काळी पडली असती. ही कड सोच्छ हाय. रोग न्हाय हा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ओढणी मागितली. नायलॉनची होती, नवी होती, मी नको नको म्हणत दिली. टाकीत प्लास्टिकची दोन झाडं होती. ईराण्णांनी ती बाहेर काढून त्यांच्यावरून ओढणी अलगद फिरवली. दुसऱ्या झाडाला ती अडकली आणि टर्रकन फाटली. "सापडलं!" ईराण्णा ओरडले. "ज्याला ओढणी अडकती, त्याला शेपूट अडकणारच!" त्यांच्या आनंदापुढे माझ्या ओढणीचं दुःख करणं बरं दिसेना. झाड काढलं. ईराण्णांनी रिपोर्ट लिहून सही ठोकली. पुढचे दोन आठवडे शेपूट वाढत गेली, हौसाबाईंनी ईराण्णांना दोन वेळा जास्तीचा चहा दिला, आणि शेडमधली माणसं त्यांना 'माशाचे डॉक्टर' म्हणायला लागली.

तिसऱ्या मंगळवारी सरदारची शेपूट अर्धी होती.

साहेबांनी या वेळी आवाजही चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, "हौसाबाई, पुढच्या मंगळवारपासून येऊ नकोस. दुसरी बाई बघतो मी."

ईराण्णा शेडमध्ये गेले. नापास नगांवर चिकटवायची लाल चिठ्ठी असते, ती त्यांनी घेतली, वर लिहिलं 'ईराण्णा मगदूम, तपासणी चुकली', आणि स्वतःच्याच टेबलावर चिकटवली. दिवसभर येणारा-जाणारा वाचून हसत होता. हे मात्र भिंग घेऊन पुन्हा टाकीपाशी. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "बघा. काटा लागला तर चिरतं, लांब चीर पडती. हितं चीर न्हाय. अर्धा चंद्र हाय. एक, दोन, तीन. हे फाटलेलं न्हाय अक्का. चावलेलं हाय."

"पण टाकीत तो एकटाच आहे."

"व्हय की," ते म्हणाले. "मग चावलं कोण?"

आम्ही दोघंही सरदारकडे बघत राहिलो. तो आमच्याकडे.

"आणि मंगळवारीच का?" ईराण्णा म्हणाले. "रविवारी संध्याकाळी शेपूट धड असती. सोमवारी आपली सुट्टी. मंगळवारी फाटल्याली. आणि मधले दोन मंगळवार धड ऱ्हायली, ती मी झाड काढल्यामुळं न्हाय. डागाची येळ बघा. त्या दोन आठवड्यांत कोण गावात नव्हतं?"

मला उत्तर माहीत होतं, कारण तिकिटं मीच काढली होती. साहेब दोन आठवडे कोइमतूरला गेले होते.

"हल्ली सोमवारी साहेब दोस्तास्नी घिऊन केबिनात येत्यात, असं ऐकलंय. पण ऐकलेलं रिपोर्टात चालत न्हाय," ईराण्णा म्हणाले. "सोमवारी यावं लागंल. आणि साक्षीला कुणीतरी पायजे."

सुट्टीच्या दिवशी मी कारखान्यात कशाला जाते, हे आईला सांगताना माझी पंचाईत झाली. "माशाची चौकशी आहे" हे वाक्य कितीही गंभीरपणे म्हटलं तरी गंभीर वाटत नाही.

सोमवारी भट्ट्या बंद. एरवी कानठळ्या बसवणारं आवार इतकं गप्प होतं की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येत होती. आम्ही केबिनबाहेर माझ्या टेबलापाशी बसलो. मधल्या काचेतून टाकी सरळ दिसत होती. ईराण्णांनी डबा उघडला. त्यांच्या पत्नी गौरव्वांच्या हातची ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. भाकरी उजेडासमोर धरून त्यांनी आतले फुगे बघितले आणि पास केली. "भाकरीला पोकळी चालती," मला समजावलं. "उलट पायजेच."

अकराच्या सुमारास साहेब आले, दोन मित्रांना घेऊन. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं. ईराण्णा म्हणाले, "जुने रिपोर्ट लावतोय साहेब," आणि हे त्यांनी माझ्यासमोर बोललेलं एकमेव खोटं. मित्र टाकीपाशी गेले. साहेबांनी ड्रॉवरमधून दाढीचा आरसा काढला आणि काचेला लावला.

मी असं काही आधी पाहिलं नव्हतं. सरदारनं आरशातला सरदार बघितला आणि एकदम दुप्पट झाला. गालफडं बाहेर, सगळे पर ताठ, शेपूट पंख्यासारखी. आरशावर धडका देत, वळत, पुन्हा धडका. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. "अरे, काय रुबाब आहे!" साहेब आरसा इकडून तिकडे फिरवत होते, आणि मासा त्याच्या मागे. अर्धा तास हे चाललं. मग आरसा ड्रॉवरमध्ये गेला, मंडळी जेवायला गावात गेली, आणि दार बंद झालं.

"आता बघा," ईराण्णा कुजबुजले. "आता कुणी बोलू नका." बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

सरदार थांबेना. ज्या काचेत शत्रू दिसला होता, तिथे जाऊन यायचा. वर, खाली, मागे. दुसऱ्या कोपऱ्यात शोधायचा. तासभर शोधलं त्यानं. भांडण अंगात भरलेलं आणि समोर कुणी नाही. मग तो एका जागी थांबला, आपल्याच भोवती गर्रकन वळला, आणि मागे फडफडणारं जे दिसलं त्याला कचकन चावला. निळा एक तुकडा पाण्यात सुटला आणि हळूहळू तळाला गेला.

थोड्या वेळानं पुन्हा.

ईराण्णांच्या हातातली भाकरी तशीच होती. मला वाटलं होतं ते "सापडलं" म्हणून ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "अरारा. आपलंच अंग रे, लेकरा."

मंगळवारी सकाळी हौसाबाई शेवटच्या दिवसाचा हिशेब विचारायला आल्या होत्या. ईराण्णांनी त्यांना बाकावर बसवलं आणि माझ्याकडून रिपोर्ट टाइप करून घेतला, नेहमीच्या छापील नमुन्यात. दोष : शेपटीचे तुकडे जाणे. कारण : आरसा दाखवल्यामुळे मासा भांडायला उठतो, आरसा काढल्यावर भांडायला कोणी राहत नाही, म्हणून स्वतःला चावतो. त्याखाली रकाना होता, जबाबदार विभाग.

"लिवा," ईराण्णा म्हणाले, "व्यवस्थापन."

माझी बोटं थांबली. "ईराण्णा, हा रकाना मोकळा सोडला तर?"

"अक्का, मोकळा सोडला की त्यात हौसाबाईचं नाव पडतंय."

मी टाइप केलं.

ते कागद घेऊन आत गेले. दार उघडंच होतं. साहेबांनी वाचलं, आणि त्यांचे कान लाल होताना मला बाहेरून दिसले. "ईराण्णा, मी मालक आहे या कारखान्याचा."

"व्हय साहेब. म्हणून तर व्यवस्थापन लिवलंय. नाव घातल्यालं न्हाय."

"चावताना तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?"

"दोनदा. टायपिस्ट अक्का बी हुत्या साक्षीला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ईराण्णांचा फार राग आला होता. तरी मान हलली, होकारार्थी.

साहेबांनी नजर टाकीकडे वळवली. ईराण्णा म्हणाले, "साहेब, खाली अजून एक रकाना हाय. सुधारणेचा."

साहेब उठले, बाहेर आले. हौसाबाई बाकावरून गडबडीनं उठल्या. मालकांना चूक कबूल करायची सवय नसते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही या उद्यापासून. म्हणजे, जाऊच नका. तुमची चूक नव्हती."

इतकी वर्षं 'तू' म्हणणाऱ्या साहेबांच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून हौसाबाई इतक्या गोंधळल्या की त्यांनी विचारलं, "मग चहा टाकतो काय?"

साहेब पुढे दीड-दोन महिने ईराण्णांशी कामापुरतंच बोलत होते. एके दिवशी त्यांनी टाकीच ईराण्णांच्या घरी पाठवून दिली. "त्यांना कळतं ना त्याचं, सांभाळू दे त्यांनाच." शिक्षा होती की बक्षीस, ते आम्हाला कधी समजलं नाही. ईराण्णांनाही नाही.

त्यांची अडचण वेगळीच झाली. घर उचगावात, दोन खोल्यांचं, आणि सोवळं इतकं की लसूणसुद्धा बिचकत आत यायचा. मासा मात्र किडे खाणारा. गौरव्वांनी किड्यांची डबी घरात घेऊ दिली नाही. ती बाहेर तुळशीपासून दहा हात लांब, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत राहायची. ईराण्णा हात धुऊन चिमट्यानं एकेक किडा टाकायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे. तरी मनाला लागलंच. घरी येणाऱ्या जंगमस्वामींना त्यांनी विचारलं, "अज्जा, पाप लागंल का?" म्हातारे स्वामी हसून म्हणाले, "ईराण्णा, लिंग तुझ्या गळ्यात हाय. माशाच्या न्हाय." तेव्हापासून ते बिनघोर झाले. फाउंड्रीतली पोरं चिडवायची, "अण्णा, रस्सा कधी?" त्यावर ते आकाशाकडे बघून कानडीत काहीतरी म्हणायचे, त्याचं मराठी कुणी केलं नाही.

सरदार त्यांच्याकडे दीड वर्ष जगला. शेपूट पूर्ण आली, पहिल्यापेक्षा लांब. त्यांनी काचेत त्याला स्वतःचं रूप दिसू नये म्हणून टाकीच्या तीन बाजूंना पुठ्ठा लावला होता आणि चौथ्या बाजूला स्वतः बसायचे. गौरव्वा कुरकुरायच्या, "होगली बिडरी," म्हणजे जाऊ द्या हो, पण त्याच दुपारी शेजारणींना टाकी दाखवायच्या. मासा गेला त्या दिवशी ईराण्णा कामावर आले आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "भिंग लावून बघितलं. डाग एक बी न्हाय. वय झालं हुतं. हे रिजेक्शन न्हाय अक्का, रिटायरमेंट हाय." आणि शेडमध्ये गेले. त्या दिवशी त्यांनी फार नग नापास केले, एवढंच.

पुढे तेही निवृत्त झाले आणि गौरव्वांना घेऊन गावी, भावाच्या मळ्यात राहायला गेले. त्यांच्या जागी एक यंत्र आलं. यंत्र चांगलं होतं. फक्त ते कुणाला पावणं म्हणत नसे.

मला ते शेवटचे भेटले ते जयसिंगपूरहून शिरोळला जाताना, एका बारशाला. गळिताचा हंगाम. उसाच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं होतं आणि आमची एसटी तिच्या मागे अडकून पडली होती. खिडकीतून बघते तर बांधावर धोतर, डोक्याला टॉवेल आणि ईराण्णा. मी हाक मारली. ते धावत खिडकीखाली आले. बारीक झाले होते, दात दोन कमी, पण आवाज तोच. घरच्यांची चौकशी झाली, हौसाबाईंच्या मुलीला सरकारी दवाखान्यात नोकरी लागल्याचं मी सांगितलं, तर त्यांनी खिडकीच्या गजावर आनंदानं हात आपटला. मग म्हणाले, "रिकाम्या हातानं कुठं जातासा? थांबा. दोन ऊस आणतो. हलू नका."

"अहो, नको, गाडी सुटेल!"

"सुटत न्हाय. चाक मी बघितलंय. अर्धा तास लागतोय."

ते उसात शिरले, आणि दुसऱ्याच मिनिटाला लोकांनी ट्रॉली ढकलून कडेला घेतली. एसटी हलली. मी कंडक्टरला ओरडून सांगत होते, पण मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गलका केला होता. उठून मागच्या काचेपाशी गेले. ईराण्णा उसातून बाहेर आले, हातात पाच-सहा जाड, लांब, पाल्यासकट ऊस. गाडी गेलेली बघून क्षणभर थबकले. चार पावलं पळालेसुद्धा. मग थांबले, कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसले, आणि मागून येणाऱ्या जीपच्या खिडकीत, आतल्या परक्या माणसांच्या मांडीवर ते सगळे ऊस कोंबले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण जीपमधली माणसंही हसत होती, आणि ईराण्णा धुळीत उभे राहून, आम्हाला आणि जीपला मिळून, एकच हात हलवत होते.